प्रत्यक्ष खर्चाचा रकाना

दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये महापालिकांची अंदाजपत्रके सादर होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ‘आरोग्यासाठी भरीव तरतूद’ हा मथळा ठरलेला असतो. माझी सारी नोकरी बँकेच्या हिशेब खात्यात गेल्यामुळे तरतुदीचा आकडा वाचून हुरळून जाण्याची सवय मला कधी लागली नाही. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात प्रत्येक लेखाशीर्षापुढे, म्हणजे खर्चाच्या प्रत्येक बाबीपुढे, अनेक रकाने असतात: सरलेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि येणाऱ्या वर्षाची तरतूद. वर्तमानपत्रात छापून येतो तो शेवटचा रकाना आणि रुग्णाच्या अंगी लागतो तो पहिला. या दोहोंमध्ये किती अंतर पडते, ते कोणत्या लेखाशीर्षांत पडते आणि दर वर्षी त्याच लेखाशीर्षांत का पडते, हे पाहिले तर सरकारी रुग्णालयांच्या दुरवस्थेचा बराचसा उलगडा होतो.

मी ऐरोलीत राहते. इथून ठाण्याकडे जाताना दिघा ओलांडले की विटावा लागते आणि तिथे एक महापालिका संपून दुसरी सुरू होते. रस्त्यावर ही हद्द कुणाच्या लक्षातही येत नाही. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबले की दोन्हीकडची वाहने सारख्याच निमूटपणे उभी राहतात. पण आजारी पडल्यावर ही हद्द चांगलीच जाणवते. अलीकडे नवी मुंबई महापालिका, पलीकडे ठाणे महापालिका. दोघींचेही २०२५-२६ चे अंदाजपत्रक साडेपाच हजार कोटी रुपयांच्या पुढचे होते. लोकसंख्या मात्र २०११ च्या जनगणनेनुसार ठाण्याची १८ लाख ४१ हजार आणि नवी मुंबईची ११ लाख २० हजार. माणशी हिशेब मांडला तर नवी मुंबईच्या हाती ठाण्याच्या दीडपटीहून अधिक रक्कम आहे, आणि तरीही वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या ५०० खाटांच्या मोठ्या रुग्णालयाचा गाडा ओढते आहे ते ठाणे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याच्याशी संलग्न राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय हे दोन्ही ठाणे महापालिकेचे आहेत. स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय चालवणाऱ्या महापालिका देशात मोजक्याच आहेत, आणि मुंबई महापालिकेच्या तिजोरीशी ठाण्याच्या तिजोरीची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

रुग्णालये चालवणे ही महापालिकेची हौस नव्हे, याची आठवण अधूनमधून करून द्यावी लागते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिलेली आहेत आणि सार्वजनिक रुग्णालये व दवाखाने स्थापन करून ते चालवणे हे त्यांत येते. उद्याने, सुशोभीकरण, कारंजी, रोषणाई या गोष्टी ऐच्छिक सदरात मोडतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आणलेल्या बाराव्या अनुसूचीतही सार्वजनिक आरोग्याचा उल्लेख आहे. पण घटनेने जबाबदारी खाली ढकलताना पैशाचा नळ सोबत दिला नाही. जकात होती तोपर्यंत शहरात येणाऱ्या मालावर महापालिकेला रोजच्या रोज रोकड मिळत असे. ठाण्यात १ एप्रिल २०१३ पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर महापालिका राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर येऊन पडल्या. ही भरपाई दर वर्षी ८ टक्क्यांनी वाढावी अशी कायद्यात तरतूद आहे. परंतु ती शहराच्या गरजेशी किंवा रुग्णसंख्येशी बांधलेली नाही. २०१६-१७ मध्ये ज्याचे उत्पन्न जितके, त्या पायावर ती वाढत जाते. राहिले मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि शहर विकास विभागाकडे येणारे बांधकाम परवानग्यांचे शुल्क. ठाण्यात या शेवटच्या बाबीवर फार मोठी भिस्त आहे. घोडबंदर रोडवरच्या टॉवरचे काम मंदावले की त्याची झळ कुठेतरी कळव्याच्या औषध भांडारापर्यंत पोहोचते, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे वाटेल, पण पैशाची वाट तीच आहे.

आता कळव्यात येते कोण, ते पाहू. मुंब्रा, दिवा, कळवा, खारेगाव, विटावा हा तर हक्काचा परिसर झाला. पण बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत थोडा वेळ उभे राहिले तरी भिवंडी, कल्याण, शहापूर, मुरबाडची नावे कानावर पडतात, आणि पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला तरी जव्हार-मोखाड्याकडून येणाऱ्यांची वाट काही पूर्णपणे बदललेली नाही. शहापूरला आणि भिवंडीला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे, कल्याणला रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीला शास्त्रीनगर ही तिथल्या महापालिकेची रुग्णालये आहेत, उल्हासनगरला राज्य शासनाचे मध्यवर्ती रुग्णालय आहे. कागदावर साखळी पूर्ण दिसते. प्रत्यक्षात यांतल्या कुठल्या तरी ठिकाणी भूलतज्ज्ञ नसतो, कुठे रात्रीची सोनोग्राफी होत नाही, कुठे रक्ताची सोय नसते, आणि मग ‘पुढे न्या’ ही दोन शब्दांची चिठ्ठी हातात पडते. हे पुढे म्हणजे ठाणे. त्यातही ठाण्याचे जिल्हा शासकीय रुग्णालय, ज्याला जुने लोक आजही विठ्ठल सायन्ना किंवा नुसते ‘सिव्हिल’ म्हणतात, ते ९०० खाटांच्या नव्या इमारतीसाठी पाडायला घेतले गेले आणि २०२३ मध्ये त्याचा कारभार मनोरुग्णालयाच्या आवारात हलवावा लागला. नवी इमारत हवीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण एक मोठे रुग्णालय जागेवरून उठवताना त्याचे रुग्ण कुठे जातील याचा विचार ज्या दिवशी व्हायला हवा होता, त्या दिवशी तो झाला नाही.

त्याच वर्षी ऑगस्टच्या १२-१३ तारखेला कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. तेव्हाचे मुख्यमंत्री ठाण्याचेच होते, त्यामुळे चौकशी समिती तातडीने नेमली गेली, मंत्री येऊन गेले, वाहिन्यांच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या. बरेचसे रुग्ण खासगी रुग्णालयांतून अगदी शेवटच्या अवस्थेत आणले गेले होते, असे प्रशासनाने सांगितले. ते खोटे मानण्याचे कारण नाही. खासगी रुग्णालयात पैसे संपेपर्यंत ठेवायचे आणि मग सरकारी रुग्णालयाच्या दारात आणायचे, हा क्रम आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पण या स्पष्टीकरणातून निघणारा प्रश्न कुणी पुढे नेला नाही: असे रुग्ण येणार हे जर ठरलेलेच आहे, तर त्यांच्यासाठी अतिदक्षता विभागाच्या खाटा, व्हेंटिलेटर आणि ते सांभाळणाऱ्या परिचारिका यांचा खर्च कोणत्या लेखाशीर्षात धरलेला आहे? दीड महिन्यांनी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके होती. तेव्हा सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले आणि कळवा मागे पडले.

परिचारिकांचाच हिशेब करून पाहू, कारण तो करायला सोपा आहे आणि त्यात वादाला जागा कमी आहे. ५०० खाटांच्या रुग्णालयात साध्या वॉर्डाच्या मापाने सहा खाटांमागे एक परिचारिका धरली तर एका पाळीला ८४ लागतात. तीन पाळ्यांच्या २५२ झाल्या. साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण, बाळंतपणाची रजा यांसाठी ३० टक्के राखीव धरल्या की आकडा ३२८ वर जातो. यात अतिदक्षता विभाग वेगळा धरलेला नाही. तिथे व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका हा जगमान्य नियम आहे. शस्त्रक्रियागृह, प्रसूतिकक्ष, अपघात विभाग हेही धरलेले नाहीत. आणि खाटा ५०० असल्या तरी रुग्ण ५०० च असतात असे नाही. दोन खाटांमध्ये गादी टाकून तिसरा झोपवलेला असतो, त्याची मोजदाद या हिशेबात कुठेच येत नाही. रात्रपाळीला एका वॉर्डात दोन सिस्टर आणि साठ रुग्ण असे दृश्य ज्याने पाहिले आहे, त्याला वेळेवर इंजेक्शन का मिळाले नाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

मग पदे का भरत नाहीत? इथे एक अट आडवी येते, जिच्याबद्दल सामान्य नागरिकाला फारसे कधी ऐकायला मिळत नाही. महापालिकेचा आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगार-भत्त्यांचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असावा अशी राज्य शासनाची मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की नव्या पदांना किंवा नव्या आकृतिबंधाला (कोणती पदे किती, या आराखड्याला) मंजुरी मिळताना अडचण येते. हेतू चांगला होता. नगरपालिकांनी खिरापतीसारख्या नोकऱ्या वाटू नयेत. परंतु या मर्यादेत कारकून आणि परिचारिका एकाच मापाने मोजले जातात. रस्त्याच्या कामात माणसे ठेकेदाराची असतात, म्हणून रस्ता आस्थापनेत दिसत नाही. रुग्णालय मात्र मुळातच माणसांनी चालते, त्यामुळे जी महापालिका मनापासून रुग्णालय चालवील तिचा आस्थापना खर्च फुगणारच, आणि फुगला की तिच्यावरच निर्बंध येणार. यावर महापालिकांनी शोधलेला तोडगा म्हणजे कंत्राट. ‘ठोक मानधनावर, करार पद्धतीने, थेट मुलाखत’ अशा जाहिराती वर्षभर येत असतात. अतिदक्षता विभागात काम शिकायला एखाद्या मुलीला सहा-आठ महिने लागतात आणि तिचा करार जेमतेम तेवढ्याच मुदतीचा असतो. ती तयार झाली की खासगी रुग्णालय तिला उचलते. पैसे वाचले का? ते आस्थापनेच्या रकान्यातून निघून सेवा कंत्राटाच्या रकान्यात गेले, वर ठेकेदाराचा नफा त्यात मिळाला, आणि ३५ टक्क्यांची मर्यादा कागदावर पाळली गेली. हिशेब खात्यातल्या माणसाला हे पाहून हसू येते आणि लगेच लाजही वाटते.

औषधांची गोष्ट याहून वेगळी नाही, फक्त ती घरच्या माणसाच्या खिशातून कळते. नात्यातल्या एका वृद्ध काकांना जिल्ह्यातल्याच एका पालिका रुग्णालयात दाखल केले होते. नाव सांगण्याचे कारण नाही. तिथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी आपल्या परीने सगळे केले. दाखल झाल्यावर तासाभरात त्यांच्या सुनेच्या हातात चिठ्ठी आली. तिच्यावर महागडे प्रतिजैविक असेल असे मला वाटले होते. होते काय? सलाईन सेट, वीस नंबरचा कॅन्युला, लघवीची पिशवी, पाच मिलीच्या सिरिंज, हातमोज्यांच्या दोन जोड्या आणि चिकटपट्टी. समोरच्या औषधाच्या दुकानात त्या वेळी गर्दी होती आणि दुकानदाराने चिठ्ठी हातात न घेताच, नुसत्या ओझरत्या नजरेने, सगळे सामान काउंटरवर मांडले. “वहिनी, डायपर पण घेऊन ठेवा, संध्याकाळी मागतीलच,” तो म्हणाला. दुकानात ही सामग्री आधीच संच करून पिशव्यांत बांधून ठेवलेली होती. रुग्णालयाच्या भांडारात काय संपले आहे याची इतकी अचूक आणि ताजी माहिती भांडारपालालाही असेल की नाही, कोण जाणे. वॉर्डात परत आल्यावर सिस्टर सुनेला हळूच म्हणाल्या, “ताई, आमच्याकडे हातमोजे आहेत, पण ते रात्रीच्या डिलिव्हरीसाठी ठेवलेत हो.” त्या खजील झाल्या होत्या, ज्याचे त्यांना काहीच कारण नव्हते.

ही सामग्री काही कोट्यवधींची नसते. ती संपते याचे कारण बहुधा तरतूद शून्य होती हे नसून खरेदीची साखळी मध्येच तुटते हे असते. दरकरार, म्हणजे ठरलेल्या भावाने पुरवठा करण्याचा करार, संपतो, नव्या निविदेला प्रतिसाद येत नाही, फेरनिविदा निघते, आणि तोवर स्थानिक खरेदीची मर्यादा संपलेली असते. निविदेला प्रतिसाद का येत नाही, तर पुरवठादाराची मागची देयके अडकलेली असतात. महापालिकेच्या लेखा विभागात कॅन्युला पुरवणाऱ्याचे देयक आणि काँक्रीटच्या रस्त्याचे देयक एकाच रांगेत उभे राहते, आणि त्या रांगेत पुढे कसे सरकायचे हे रस्त्याच्या ठेकेदाराला जास्त चांगले माहीत असते. राज्य शासनानेही या प्रश्नावर बराच घोळ घातला. २०१७ पासून शासकीय रुग्णालयांची खरेदी हाफकिनच्या महामंडळाकडे सोपवली. तिथे निधी पडून आणि औषधे नाहीत अशी स्थिती वर्षानुवर्षे राहिली. अखेर २०२३ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. महापालिका आपापली खरेदी आपापल्या परीने करतात आणि त्यामुळे घाऊक भावाचा फायदाही गमावतात. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, भिवंडी, उल्हासनगर या एकाच जिल्ह्यातल्या सहा महापालिका सलाईनच्या बाटल्यांचा एक सामाईक दरकरार का करत नाहीत, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे वाचायला मिळालेले नाही.

इमारतींबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो विषय डोळ्यांना दिसतो. भांडवली खर्चाला निधी मिळतो: राज्याकडून, केंद्राकडून, आमदार-खासदारांकडून. कोनशिलेवर नाव येते. यंत्र येते, फीत कापली जाते. त्या यंत्राचा देखभालीचा करार, त्याला लागणारा तंत्रज्ञ, त्याची फिल्म आणि त्याचे वीजबिल हे सगळे महसुली, म्हणजे रोजच्या चालू खर्चात मोडते आणि तिथे कुणाचे नाव लागत नाही. घर बांधायला कर्ज काढावे आणि घरातला शिधा मात्र रोज उसना आणावा, असा हा संसार आहे. ठाण्यात ९०० खाटांचे नवे रुग्णालय उभे राहील तेव्हा वर केलेला परिचारिकांचा हिशेब ९०० ला लावून पाहावा. सहा खाटांमागे एक या साध्या मापानेही आकडा ५८५ वर जातो. तेवढी पदे मंजूर झाली आहेत का, हा प्रश्न इमारतीचा मजला किती वर गेला यापेक्षा महत्त्वाचा आहे.

नवी मुंबईची अडचण निराळी आहे. वाशीचे प्रथम संदर्भ रुग्णालय, नेरूळचे माँसाहेब मीनाताई ठाकरे रुग्णालय, ऐरोलीचे राजमाता जिजाऊ रुग्णालय अशा इमारती इथे आहेत आणि दिसायला त्या कुणाही महापालिकेला अभिमान वाटाव्यात अशा आहेत. ऐरोलीतल्या इमारतीसमोरून मी नेहमी जाते. तरीही डोक्याला मार लागलेला किंवा हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण असेल, किंवा कमी दिवसांचे मूल असेल तर नातेवाइकांच्या तोंडी आधी सायन, केईएम, जेजे हीच नावे येतात. म्हणजे ठाण्याच्या रुग्णालयाला जसा जिल्ह्याचा भार आहे, तसा नवी मुंबईने आपला भार मुंबईच्या करदात्यांवर टाकलेला आहे. ज्या शहराकडे ठेवी आहेत त्या शहराने हे करावे, याचे मला ऐरोलीची रहिवासी म्हणून अवघड वाटते.

याच्या खालची पायरी आहे दवाखान्याची. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या मापाने ५० हजार लोकवस्तीमागे एक नागरी आरोग्य केंद्र हवे. ठाण्याच्या १८ लाख ४१ हजारांसाठी ३७ केंद्रे होतात, पण हा आकडा २०११ चा आहे. त्यानंतर जनगणनाच झालेली नसल्यामुळे दिव्यात, घोडबंदरला, घणसोलीत वाढलेली माणसे नियोजनाच्या कागदावर अजून जन्मलेलीच नाहीत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्याच्या निधीपैकी दोन तृतीयांश किंवा अधिक हिस्सा प्राथमिक सेवेवर खर्च व्हावा असे म्हटले, राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाच्या ८ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करावा असे म्हटले, आणि शासनाचा एकूण आरोग्य खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर न्यावा असेही म्हटले. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत हा खर्च १.८४ टक्के निघाला, तोही महासाथीच्या वर्षात. ८ टक्क्यांपासून महाराष्ट्रासारखे सधन राज्यही बरेच दूर राहिले आहे. लोकांच्या खिशातून होणारा खर्च २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्य खर्चाच्या ६४.२ टक्के होता तो ३९.४ टक्क्यांवर आला, असे तेच लेखे सांगतात. ही घट मोठी आहे आणि ती नाकारू नये. पण काकांच्या सुनेने समोरच्या दुकानातून आणलेली पिशवी उरलेल्या ३९.४ टक्क्यांतली आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी २०२१ ते २०२६ या पाच वर्षांकरिता ७०,०५१ कोटी रुपयांचे अनुदान सुचवले, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट घडली, कारण दवाखाने हा महापालिकेचा विषय आहे हे प्रथमच पैशाच्या भाषेत मान्य झाले. त्यातून ठिकठिकाणी आरोग्यवर्धिनी केंद्रे आणि ‘आपला दवाखाना’चे फलक लागले. अनुदानाची मुदत संपल्यावर त्या केंद्रांतल्या डॉक्टरांचे मानधन कोण देणार, हे मात्र ज्याचे त्याने पाहायचे आहे.

विम्याचा मुद्दा लोक हटकून काढतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच आता कुटुंबामागे पाच लाख रुपये आहे आणि ते शिधापत्रिकेच्या रंगावर अवलंबून राहिलेले नाही. योजना उपयोगाची आहे, आणि सरकारी रुग्णालयालाही तिच्यातून दाव्यांपोटी पैसे मिळू शकतात. पण विमा शस्त्रक्रियेचे पैसे देतो. रात्रपाळीची सिस्टर नेमत नाही आणि तापाच्या रुग्णाला केसपेपरच्या खिडकीवर लवकर नंबर मिळवून देत नाही. शिवाय दावा दाखल करायला कागद जमवणारा माणूस लागतो. खासगी रुग्णालयात त्यासाठी वेगळी खोली आणि चार मुले असतात. सरकारी रुग्णालयात ते काम बहुधा एका आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलाशी येऊन साचते, आणि न मागितलेला पैसा अर्थातच मिळत नाही.

पैसा आणि माणसे उभी करता येतच नाहीत, असे मी मानायला तयार नाही, कारण २०२० मध्ये ती उभी राहिलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. ठाण्यात बाळकुमला १,०२४ खाटांचे कोविड रुग्णालय काही आठवड्यांत सुरू झाले, वाशीत सिडकोच्या प्रदर्शन केंद्रात खाटा लागल्या, प्राणवायूच्या नळ्या टाकल्या गेल्या, परिचारिका भरल्या गेल्या आणि त्या वेळी ३५ टक्क्यांच्या मर्यादेचा विषय कुणी काढला नाही. साथ ओसरली तसे करार संपले आणि प्रशिक्षण मिळालेली ती सगळी माणसे पांगली. त्यांतली निम्मी जरी कायम केली असती तरी २०२३ च्या ऑगस्टमध्ये कळव्यात माणसांची चणचण कमी भासली असती, हे माझे मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

या सगळ्या काळात विचारणारेही कुणी नव्हते. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत दोन्हीकडे प्रशासक होते. आयुक्त अंदाजपत्रक मांडणार आणि प्रशासक म्हणून तेच ते मंजूर करणार. नगरसेवक फार अभ्यास करून प्रश्न विचारत असत असा माझा भ्रम नाही, परंतु प्रसूतिगृहात पाणी आले नाही म्हणून सभागृहात बादली घेऊन येणारा एखादा तरी असे. आता सभागृह पुन्हा भरू लागले आहे, तेव्हा आमच्या प्रभागातल्या नव्या सदस्यांना मी एक पत्र लिहिले आहे. त्यात नवे रुग्णालय मागितलेले नाही. औषधे व शल्यसाहित्य या लेखाशीर्षातला मागच्या तीन वर्षांचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी छापून प्रसिद्ध करा, आणि रुग्णालयाच्या पुरवठादारांची देयके बांधकामाच्या रांगेतून काढून त्यांच्यासाठी वेगळे बँक खाते ठेवा, एवढेच मागितले आहे. वेगळे खाते उघडायला एक ठराव पुरतो.

ठाण्यातल्या मैत्रिणींना मी आणखी एक मागणी करायला सांगते आहे. कळव्याच्या केसपेपरवर रुग्णाचे गाव आणि तालुका लिहिलेला असतो, म्हणजे बाहेरच्या तालुक्यांतून आणि बाहेरच्या महापालिकांतून किती रुग्ण आले हे रुग्णालयाच्या नोंदीतच आहे. त्या नोंदीवरून दर तिमाहीला हिशेब काढून, ग्रामीण भागातल्या रुग्णांचा खर्च राज्य शासनाकडे आणि इतर शहरांतल्या रुग्णांचा खर्च त्या त्या महापालिकेकडे मागता येईल. शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले, तेव्हा शहापूरच्या रुग्णाचा खर्च उचलायचा हे तत्त्व त्याने मान्यच केलेले आहे. तोच रुग्ण रेफरची चिठ्ठी घेऊन कळव्याला आला की ते तत्त्व विटाव्याच्या पुलाखाली का अडकते, एवढेच त्याला विचारायचे आहे. आणि दिघ्याचा रुग्ण तिथे दाखल झाला तर त्याचे बिल आमच्या नवी मुंबईने भरावे. आमच्याकडे पैसे आहेत.